एक्सेलच्या लॉगिन फॉर्ममध्ये 'खाते सापडले नाही': माझा अनुभव

लातूरमधील आमच्या आडत दुकानाच्या हिशोबाच्या फाइलला मी व्हीबीएमध्ये (एक्सेलमधील प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा) लॉगिन फॉर्म केला, तेव्हा अक्षरी नावाची खाती उघडत होती. ०४२७ सारख्या अंकी क्रमांकाची मात्र 'खाते सापडले नाही' असे दाखवीत होती. ट्रिम (कडेच्या रिकाम्या जागा काढणारे फंक्शन) लावले, फॉर्म नव्याने बांधला. ऐन सोयाबीनच्या हंगामात चार रात्री त्यात गेल्या.

शेवटी शीटमधील रकाना नीट पाहिला. ०४२७ चे तेथे ४२७ झाले होते आणि तो आकडा, एक्सेल संख्येला ठेवते तसा, उजव्या कडेला चिकटला होता. टेक्स्टबॉक्स, म्हणजे फॉर्मवरील टंकण्याची चौकट, मजकूर देतो, सेलमध्ये संख्या असते आणि रकान्यात नोंद शोधणारे मॅच फंक्शन या दोहोंना समान मानत नाही.

प्रथम संपूर्ण रकाना निवडून फॉरमॅट 'टेक्स्ट' केला. त्याने जुन्या नोंदी बदलत नाहीत, म्हणून प्रत्येक क्रमांक शून्यासह पुन्हा टंकला. तो मजकुरासारखा डाव्या कडेला गेला की काम झाले. मग नवीन खाते व पासवर्ड बदल या दोन्ही फॉर्मच्या कोडमध्ये, सेलमध्ये नोंद लिहिणाऱ्या ओळीच्या आधी, त्या सेलचा नंबरफॉरमॅट "@" (म्हणजे टेक्स्ट) केला. हा क्रम उलटल्यास शून्य पुन्हा गळते. पासवर्डच्या रकान्यालाही हेच करावे लागले.