फिलिपिन्सच्या खासदाराची कारकीर्द तपासून कशी लिहावी

फिलिपिन्सच्या एखाद्या खासदारावर नोंद, लेख किंवा टिपण लिहायचं असेल तर चरित्रापासून सुरुवात करू नका. आधी कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा: कितवी काँग्रेस, कोणतं सभागृह, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. काँग्रेस म्हणजे तिथली संसद. सिनेट आणि प्रतिनिधीगृह ही तिची दोन सभागृहं. हा तक्ता जुळला की बाकीचं लिखाण त्यावर आपोआप बसतं. तो न जुळवता लिहिलं तर बहुतेक चुका वर्षांच्याच होतात.

पहिलं काम नावाचं. फिलिपिनो नावात मधलं नाव वडिलांचं नसतं, आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि लग्नानंतर बाई स्वतःचं माहेरचं आडनाव मध्ये नेते. म्हणून मधलं नाव आणि त्यापुढचं ज्युनियर, तिसरा, चौथा हे शेपूट कधीही गाळू नका. बेनिग्नो आकिनो या नावाचे चार जण राजकारणात होऊन गेले. थोरले जपानी अमलाखालच्या नॅशनल असेंब्लीचे स्पीकर होते. त्यांचे पुत्र निनॉय, म्हणजे ज्युनियर, १९६७ मध्ये सिनेटवर निवडून आले. निनॉय यांचे पुत्र, म्हणजे तिसरे, आधी खासदार आणि २०१० पासून राष्ट्राध्यक्ष होते. चौथे म्हणजे बाम आकिनो, २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये निवडून आलेले सिनेटर. ते तिसऱ्यांचे चुलतभाऊ आहेत, पुत्र नव्हेत. आकड्यावरून नातं ठरवलं की इथेच घसरायला होतं.

आता मुदतीचं गणित. सगळी मेहनत इथे घालावी असं आमचं मत आहे.

१९८७ च्या संविधानानुसार प्रतिनिधीगृहाची मुदत तीन वर्षांची, आणि लागोपाठ जास्तीत जास्त तीन मुदती. सिनेटची मुदत सहा वर्षांची, आणि लागोपाठ दोन. सिनेटच्या २४ जागांपैकी १२ दर तीन वर्षांनी भरल्या जातात. मतदान मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी होतं, पण मुदत ३० जूनच्या दुपारी बारा वाजता सुरू होते आणि तेव्हाच संपते. त्यामुळे 'मे २०१६ पासून खासदार' हे वाक्य चूक. मे ही निवडीची तारीख, कारकिर्दीची नव्हे. मुदत मोजताना मधेच राजीनामा दिला तरी सलगता तुटत नाही, हेही संविधानात लिहिलेलं आहे. मतदारसंघाचं नाव किंवा क्रमांक बदलल्यानेही ती तुटेलच असं नाही. कामारिनेस सूर प्रांताच्या प्रांतिक मंडळातल्या एका सदस्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच ठरवलं. मतदारसंघाची फेररचना झाली होती, पण प्रदेश आणि मतदार जवळपास तेच राहिले होते, म्हणून जुन्या मुदती धरल्या गेल्या.

क्रमांक जुळवायला सोपी खूण: आठवी काँग्रेस १९८७ ते १९९२, नववी १९९२ ते १९९५, आणि पुढे दर तीन वर्षांनी एक आकडा वाढवत जा. २०२२ ते २०२५ एकोणिसावी, त्यानंतर विसावी. आठवी तेवढी पाच वर्षांची होती. म्हणून आल्बायचे एडसेल लागमान १९८७ ते १९९८, म्हणजे अकरा वर्षं सलग प्रतिनिधी दिसतात. ही छपाईची चूक नाही, पाच अधिक तीन अधिक तीन असा हिशेब आहे. ते पुढे २००४ ते २०१३ आणि २०१६ पासून जानेवारी २०२५ मधल्या निधनापर्यंत गृहात होते.

मधल्या मोकळ्या वर्षांना 'निवृत्ती' किंवा 'पराभव' म्हणण्याआधी सलग मुदतींची मर्यादा संपली होती का ते बघा. लागमान यांच्या २०१३ ते २०१६ च्या खंडात त्याच जागेवर त्यांचे पुत्र निवडून आले होते. पाम्पांगाच्या दुसऱ्या मतदारसंघात ग्लोरिया माकापागाल आरोयो यांनी २०१० ते २०१९ अशा तीन मुदती पूर्ण केल्या, पुढची तीन वर्षं जागा त्यांच्या पुत्राकडे होती, आणि २०२२ मध्ये त्या परत आल्या. लोरेन लेगार्दा सिनेटच्या दोन सलग मुदती संपल्यावर २०१९ मध्ये आंतिकेच्या प्रतिनिधी झाल्या आणि २०२२ मध्ये सिनेटवर परतल्या. म्हणून खंड दिसला की तिथे त्या जागेवर कोण बसलं हेही लिहा. त्या खंडाचा अर्थ वाचकाला तिथूनच कळतो.

दोन अपवाद हमखास फसवतात. १९९२ मध्ये सिनेटच्या सगळ्या २४ जागांसाठी मतदान झालं. पहिल्या बारांना सहा वर्षं मिळाली, पुढच्या बारांना तीनच. आरोयो तेव्हा तेराव्या आल्या, म्हणून १९९५ मध्ये त्यांना पुन्हा उभं राहावं लागलं. २००१ मध्ये उलट तेरा जागा होत्या, कारण सिनेटर तेओफिस्तो गिंगोना उपराष्ट्राध्यक्ष झाल्याने एक जागा रिकामी होती. तेरावे आलेले ग्रेगोरिओ होनासान यांना उरलेली तीनच वर्षं मिळाली.

मतांचे आकडे देताना जपून. सिनेटसाठी एक मतदार बारा नावांपर्यंत मत देऊ शकतो, त्यामुळे एका सिनेटरची मतं आणि मतदारसंघातल्या प्रतिनिधीची मतं शेजारी ठेवून तुलना करू नका. पार्टी-लिस्टचा, म्हणजे मतदारसंघाऐवजी संघटनेच्या यादीतून आलेला प्रतिनिधी असेल तर मतं संघटनेची असतात, व्यक्तीची नाहीत. या पद्धतीला गृहातल्या एक पंचमांश जागा असतात आणि एका संघटनेला जास्तीत जास्त तीन. अशा प्रतिनिधीला मतदारसंघ नसतो, त्या रकान्यात संघटनेचं नाव लिहा.

यानंतर कायदे. 'अमुक कायदा यांनी आणला' हे वाक्य सर्वात जास्त वेळा अर्धवट खरं असतं. लागमान यांचंच उदाहरण नीट उलगडून बघू. पंधराव्या काँग्रेसमध्ये त्यांनी प्रजनन आरोग्यावरचं गृह विधेयक क्र. ९६ मांडलं. समितीत ते इतर सदस्यांच्या विधेयकांशी एकत्र होऊन गृह विधेयक क्र. ४२४४ झालं. तिकडे सिनेटचं क्र. २८६५ वेगळं चाललं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये गृहाचं विधेयक दुसऱ्या वाचनात ११३ विरुद्ध १०४ आणि तिसऱ्या वाचनात १३३ विरुद्ध ७९ मतांनी संमत झालं. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत मसुदा एक झाला, २१ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांची सही झाली, आणि प्रजासत्ताक कायदा क्र. १०३५४ तयार झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, पण त्यातल्या आठ तरतुदी रद्द केल्या. म्हणजे लागमान यांना 'गृहातले प्रमुख लेखक' म्हणणं बरोबर आहे, 'कायद्याचे कर्ते' म्हणणं नाही.

कायद्याच्या शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या सहीच्या आधी तो कोणत्या दोन विधेयकांतून आला हे छापलेलं असतं. आधी तिथे बघा, मग त्या क्रमांकांनी गृहाच्या आणि सिनेटच्या संकेतस्थळावर लेखकांची यादी काढा. विधेयकांचे क्रमांक प्रत्येक काँग्रेसमध्ये नव्याने एकपासून सुरू होतात, म्हणून काँग्रेसचा क्रमांक सोबत नसेल तर विधेयक क्रमांकाला काहीच अर्थ उरत नाही. राष्ट्राध्यक्षांनी तीस दिवसांत सहीही केली नाही आणि नाकारलंही नाही तर विधेयक आपोआप कायदा होतं. अशा कायद्यावर 'सही केली' असं लिहू नका.

मांडलेल्या विधेयकांची नुसती संख्या देणं आम्हाला पटत नाही. काँग्रेस संपली की अपुरी विधेयकं बाद होतात आणि तीच पुढच्या काँग्रेसमध्ये पुन्हा दाखल केली जातात. एकच कल्पना चार वेळा मोजली जाते. संमत झालेली किती, आणि त्यांपैकी किती नुसती शाळेचं किंवा रस्त्याचं नाव बदलणारी, हे वेगळं काढलं तर आकडा बोलका होतो.

पदांच्या बाबतीत थोडक्यात: काँग्रेसच्या मध्यावर पदं बदलतात, म्हणून वर्षाऐवजी तारीख द्या. सतराव्या काँग्रेसमध्ये २३ जुलै २०१८ ला स्पीकर बदलले आणि आरोयो त्या पदावर आल्या. 'सतराव्या काँग्रेसच्या स्पीकर' एवढंच लिहिलं तर आधीची दोन वर्षंही त्यांच्या नावावर जमा होतात. समिती अध्यक्षपदांनाही हाच नियम लावा.