ट्रॅफिक प्लॅनिंगमध्ये यायचंय? मग आधी तासभर चौकात उभं राहा

जालना-बीडकडची सिव्हिल झालेली पोरं सारखं विचारायलेत, की ट्रान्सपोर्टेशनमध्ये मास्टर्स करावं का, स्कोप आहे का. मी ह्याच लाइनमध्ये काम करतो, म्हणून जे अनुभवलं ते सांगतो.

माझं पहिलं काम म्हणजे संभाजीनगरला जालना रोडवर, मोंढा नाक्याजवळ व्हॉल्यूम काउंट, म्हणजे रस्त्यावरनं जाणाऱ्या गाड्या मोजणं. सकाळी आठ ते रात्री आठ, मे महिन्याचं ऊन, हातात पॅड, दर 15 मिनिटाला नवीन ओळ आणि टू-व्हीलर, रिक्षा, कार, बस, ट्रक, सायकल अशा रकान्यांत नुसत्या रेघा मारायच्या. तेव्हा लई वाईट वाटलं, म्हणलं एवढं शिकून हेच करायचं का. पण आज सांगतो, मॉडेल, म्हणजे शहरातली ये-जा आकड्यांत मांडायची पद्धत, कसं असतं ते मला तिथंच कळलं.

पुस्तकात चार पायऱ्या असतात: कुठून किती ट्रिपा निघतात, त्या कुठं जातात, कशानं जातात आणि कोणत्या रस्त्यानं जातात. हे पाठ करू नका, आपल्या गावावर लावून बघा. सिडको-हडकोतून माणूस वाळूजला शिफ्टला चाललाय, तो कंपनीच्या बसनं जाईल, मोटारसायकलवर जाईल का शेअर रिक्षानं, आणि नगर नाक्यावरून जाईल का दुसरीकडून, एवढंच तर मॉडेल विचारतं.

माझी चूक पण सांगतो. एका कामात मी रिक्षात सरासरी तीन माणसं धरली, पुस्तकात बघून. मॉडेलमध्ये आम्ही मोजल्यापेक्षा जवळपास दुप्पट रिक्षा यायल्या आणि मी आठ दिवस सॉफ्टवेअरमध्येच चूक शोधत बसलो, शेवटी स्टँडवर जाऊन उभा राहिलो तर शेअर रिक्षात सहा-सहा माणसं बसायलेत. आकडा दुरुस्त केला, मॉडेल जागेवर आलं.

दुसरी गोष्ट पीसीयू, म्हणजे एक वाहन किती कारएवढं धरायचं तो आकडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 106 ह्या नियमावलीत टू-व्हीलर 10 टक्के किंवा जास्त असल्या की एक टू-व्हीलर 0.75 कार धरतात, आणि बस ट्रॅफिकमध्ये 5 टक्क्यांपर्यंतच असतील तर एक बस 2.2. म्हणजे तीन मोटारसायकलींएवढ्या जागेत चाळीस-पन्नास माणसं जातात! 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात पण हेच आहे, वाहनं नाही तर माणसं पुढं न्यायची. मला ह्या विषयात सगळ्यात जवळचं काही वाटत असेल तर हेच, कारण आपल्याकडं अजून गाड्याच मोजतात, आणि एसटीची वाट बघत उभी असलेली बाई कुणाच्याच रकान्यात येत नाही.

मॉडेलमध्ये प्रवासाच्या वेळेला एक जुनं अमेरिकन सूत्र वापरतात, बीपीआर म्हणतात त्याला. रिकाम्या रस्त्यावर 10 मिनिटं लागत असतील तर क्षमतेएवढ्या गाड्या आल्यावर साडेअकरा, दीडपट आल्या की साडेसतरा आणि दुप्पट झाल्या की सरळ 34 मिनिटं. म्हणून पीक अवरला थोड्या गाड्या जरी कमी झाल्या, कंपन्यांनी शिफ्टची वेळ अर्धा तास मागंपुढं केली तरी फरक पडतो. रस्ता रुंद केला की काही दिवस बरं वाटतं, मग नवीन गाड्या येऊन तो भरतो, आणि उड्डाणपूल उतरला की पुढचा सिग्नल आहेच.

शिक्षणाचं म्हणाल तर गेट देऊन एमटेक करा, आयआयटी मुंबईला ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स आहे, किंवा दिल्लीच्या एसपीएला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग. व्हिसिम, ट्रान्सकॅड ही ट्रॅफिकची सॉफ्टवेअर महाग आहेत, घरी शिकायला नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि ट्रॅफिकसाठी जर्मनीचं सुमो, दोन्ही फुकट. स्टॅटिस्टिक्स पक्कं करा, थोडं पायथन. नोकऱ्या जास्त करून कन्सल्टन्सीत, सुरुवातीला फिरती लई आणि पगार मध्यम, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि ॲडमिशनच्या आधी एक करा. सोमवारी सकाळी नऊला आपल्या गावच्या बसस्टँडसमोर वही घेऊन एक तास उभं राहा, 15-15 मिनिटांचे चार तक्ते भरा, गाड्या पण मोजा आणि त्यातली माणसं पण. तासाभरानं दुसऱ्या दिवशी पण यावं वाटलं, तर फॉर्म भरा.