घरातील प्रथमोपचार पेटी : मराठवाड्यातील ऊन आणि शेती लक्षात घेऊन

औषध दुकानात तयार प्रथमोपचार पेट्या मिळतात; परंतु त्या बहुधा शहरातील सदनिका डोळ्यांसमोर ठेवून भरलेल्या असतात. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास जातो, पुष्कळ घरांवर पत्रे असतात आणि विळा-खुरपे रोजच्या वापरात असते. म्हणून पेटीत काय ठेवावे याच्या आधी ती कोठे ठेवावी हे ठरवावे लागते. बहुतेक औषधांच्या वेष्टनावर 25 किंवा 30 अंशांखाली साठवण्याची सूचना छापलेली असते, त्यामुळे पत्र्यालगतची वरची फळी टाळावी. माळवदाची (मातीच्या सपाट छताची) खोली असल्यास तिच्यातील फडताळ उत्तम. नसल्यास घरातील सर्वांत थंड भिंतीलगत, चुलीपासून व न्हाणीघरापासून दूर, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही पण मोठ्यांना अंधारातही सापडेल, अशी जागा निवडावी. घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पुरतो. त्याला कुलूप नसावे.

जखमेसाठी निर्जंतुक गॉजची पाकिटे, रुंद व अरुंद रोलर बँडेज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, बोथट टोकाची कात्री आणि काटा काढण्यासाठी चिमटा ठेवावा. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू आत चिकटतात. विळ्याने हात कापल्यास गॉज जखमेवर दाबून धरावे, आणि ते रक्ताने भिजले तरी न काढता त्यावरच दुसरे ठेवून दाब कायम राखावा. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. भाजल्यावर मात्र पेटीकडे नव्हे, पाण्याकडे धावावे : भाजलेल्या भागावर साधे थंड पाणी 20 मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. टंचाईच्या दिवसांत नळाला पाणी नसते, तेव्हा घागरीतील पाणी तांब्याने सावकाश ओतत राहावे.

उन्हाळ्यात ओआरएसची पाकिटे इतर वस्तूंपेक्षा जास्त ठेवावीत. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच विरघळवावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकण्याची सवय घातक आहे, कारण क्षारांचे प्रमाण वाढल्यास लहान मुलाला अपाय होतो. तयार द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यावे. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर त्याच्या तोंडात काहीही न घालता त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तापासाठी पॅरासिटामॉल व थर्मामीटर पुरे. ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नये, कारण ताप डेंग्यूचा असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. उरलेली प्रतिजैविके, ब्लेड आणि आवळून बांधण्याची दोरी पेटीत नकोच. सर्पदंशात जखम चिरणे, रक्त चोखणे किंवा दोरी बांधणे यांनी हानीच होते. दंशाचा अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवून, अंगठी-बांगड्या काढून, रुग्णाला चालू न देता रुग्णालयात न्यावे. विंचूदंशावरील प्राझोसिनचा उपयोग मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी दाखवून दिला. मात्र त्या गोळीने रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी, पेटीत ठेवू नये. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे दिसले, तर उतारा करण्यात वेळ घालवू नये.

देखभालीसाठी वेगळा मुहूर्त लागत नाही. घटस्थापनेपूर्वी घर धुऊन काढतोच, तेव्हा एकदा आणि पाडव्यानंतर, उन्हे तापण्याआधी दुसऱ्यांदा, पेटी पूर्ण रिकामी करावी. गोळ्यांची पट्टी कापताना मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राहील असे पाहावे; एरवी दोन सुट्या गोळ्या उरतात आणि त्या कशाच्या, कधीच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. पट्टीवर नुसता महिना छापला असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत समजावी. डोळ्यांच्या थेंबांची बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी व साधारण महिन्याभरात ती टाकावी. उन्हाळ्यानंतर चिकटपट्टी ओढून पाहावी. उष्णतेने तिचा चिकटा सुटतो. गॉजचे पाकीट फाटले किंवा ओलसर झाले असल्यास ते निर्जंतुक राहिलेले नसते.

झाकणाच्या आतील बाजूस एक कागद चिकटवावा : 108, घरातील कोणाला कोणते औषध चालत नाही, कोणाची रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी सुरू आहे, आणि सर्पदंशावरील लस (प्रतिविष) जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात असते. ही शेवटची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी.