ऐनवेळी इमॅजिका: बुकिंग न करता कोल्हापूरहून दोन दिवसांची सहल

बुकिंग न करता खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या थीम पार्कला निघालेल्या कुटुंबाची ओढाताण बहुतेक वेळा दिवस चुकल्यामुळे होते. शनिवारी पहाटे पाचला गाडी काढायची, वाटेत चहा-नाश्ता आणि पुण्यातली गर्दी काढत बारा-साडेबाराला खोपोलीत उतरायचं, पूर्ण दिवसाचं तिकीट काढून अर्धाच दिवस फिरायचं आणि रात्री लोणावळ्यात खोली शोधायला निघायचं. मुंबई-पुण्याचं सगळं पब्लिक त्याच दिवशी तिथं असतं. पार्कच्या रांगा लांब, हॉटेलचे भाव चढे आणि पोरं पेंगुळलेली.

ज्यानं बुकिंग केलेलं नाही त्याला दिवस हवा तसा बदलता येतो. तेवढी एक गोष्ट नीट वापरली तरी सहल सोपी होते. रविवारी कोल्हापूर सोडायचं, रात्री लोणावळा किंवा खोपोलीत मुक्काम करायचा आणि सोमवारी सकाळी पार्कच्या दारात हजर राहायचं. वीकेंडला आलेले लोक रविवारी दुपारपासून खोल्या सोडून परतू लागतात. त्या रात्री हॉटेलवाल्याकडं रिकाम्या खोल्या असतात आणि तो भावात बोलायला तयार असतो. शाळेची एक दांडी पडेल, पण शनिवार-रविवारच्या धक्काबुक्कीपेक्षा ती परवडली.

मात्र प्रत्येक सोमवार रिकामा असतो असं समजू नका. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष आणि मे महिना या काळात आठवड्याचे सगळे वार सारखेच. डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गोष्ट होते, ती बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही: शाळांच्या सहली कामाच्या दिवशीच निघतात. पार्किंगमध्ये ओळीनं लाल-पिवळ्या बस दिसल्या तर घाबरून परत फिरू नका. सहलीच्या मुलांना घरी परतायची वेळ ठरलेली असते, त्यामुळं दुपार कलली की त्या बस हलायला लागतात. अशा दिवशी मोठ्या राईड संध्याकाळसाठी राखायच्या. आणि सोमवारऐवजी मंगळवार धरला असेल तर निघण्याआधी कॅलेंडरवर अंगारकी संकष्टी आहे का तेवढं बघा. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे. पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक असे अष्टविनायकांपैकी दोन गणपती त्याच पट्ट्यात आहेत. अंगारकीला त्या रस्त्यावर गाडी इंचाइंचानं सरकते.

सगळ्यात मोकळे दिवस मिळतात ते जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्यानंतरच्या दोन आठवड्यांत आणि परीक्षांच्या तोंडावर. जून-जुलैत खोपोलीत पाऊस धो-धो कोसळतो. जोराची सर आली किंवा विजा चमकल्या की उघड्यावरच्या उंच राईड थांबवतात आणि आकाश उघडेपर्यंत सुरू करत नाहीत. बंद इमारतीतल्या राईड आणि शो मात्र चालू राहतात. मुलांना रोलरकोस्टरच हवा असेल तर पावसाळ्यात ऐनवेळी निघू नये, हे आमचं ठाम मत.

जायचं कसं

कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर, पुढं खोपोली आणखी पंच्याहत्तर-ऐंशी. म्हणजे एका बाजूला तीनशेच्या थोडं वर. रविवारी सकाळी अकराच्या आत शिरोलीचा पूल ओलांडायचा आणि दुपारी तीन-साडेतीनला खेड शिवापूर मागं टाकायचं, असा हिशोब ठेवा. त्यानंतर साताऱ्याकडून पुण्यात परतणाऱ्या गाड्यांची रांग वाढत जाते आणि पुढचे दोन तास तिथंच जातात. कागल-सातारा पट्ट्यात रुंदीकरणामुळं वळणं बदलत राहतात, तेव्हा हा प्रवास दिवसाउजेडीच केलेला बरा.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरातून निघतानाच बघा. पुण्यापर्यंत किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे चार नाके लागतात, पुढं एक्सप्रेसवेचा टोल वेगळा. टॅग चालला नाही तर जादा पैसे पडतात. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर तो पहिल्या चार नाक्यांवर चालतो, पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याचा असल्यामुळं तिथं पास चालत नाही. पास आहे म्हणून टॅगमधली शिल्लक शून्यावर ठेवणारे लोक नेमके तिथं अडकतात.

भाड्याची गाडी करणार असाल तर बोलणी करताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: किलोमीटरचा दर, रोजचे किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल-पार्किंग कोणाकडं. बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. ही सहल जाऊन-येऊन साडेसहाशेच्या आसपास जाते, म्हणजे दोन दिवसांत किमान किलोमीटरचे पैसे वाया जात नाहीत. तिसरा दिवस लावला की न धावलेल्या अडीचशेचे पैसे भरावे लागतात.

गाडी नसेल तर रेल्वे. रात्री कोल्हापुरातून सुटणारी महालक्ष्मी एक्सप्रेस पहाटे लोणावळ्याला सोडते. आदल्या दिवशी ठरलं असेल तर तत्काळ बघा. एसीचं तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी १० वाजता उघडतं आणि स्लीपरचं ११ वाजता. ऑनलाइन काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं लागतं, हे काम त्या सकाळी होत नाही, आधीच उरकून ठेवा. त्याच दिवशी ठरलं असेल तर चार्ट लागल्यानंतर रिकामे उरलेले बर्थ स्टेशनच्या खिडकीवर विचारा. लहान मुलं घेऊन रात्रभर जनरलच्या डब्यात जाऊ नका, दुसऱ्या दिवशी कुणाच्याच अंगात त्राण राहत नाही.

एसटीनं जायचं तर मध्यवर्ती बसस्थानकावरून स्वारगेटच्या गाड्या दिवसभर असतात आणि त्यांना आधी आरक्षण नसलं तरी चालून जातं. महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, त्यामुळं आजी-आजोबा बरोबर असले तर एसटी सगळ्यात स्वस्त पडते. आधार कार्ड मात्र हातात ठेवा. स्वारगेटला उतरून पुणे स्टेशन गाठायचं आणि लोणावळा लोकल धरायची. लोणावळ्याहून पार्कपर्यंत टॅक्सी ठरवताना घाट उतरून जायचं आहे आणि संध्याकाळी परत आणायचं आहे, असं दोन्ही बाजूंचं एकदमच बोला. पार्क खोपोली गावापासूनही दहा-बारा किलोमीटर पालीकडं आहे आणि संध्याकाळी दाराबाहेर वाहन मिळेलच असं नाही.

मुक्काम आणि तिकीट, याच क्रमानं

आधी खोली, मग तिकीट. तिकीट विशिष्ट तारखेचं असतं, आणि खोली मिळाली नाही म्हणून पुण्यात राहावं लागलं तर सकाळचं गणित बदलतं. हॉटेलात गेल्यावर पैसे देण्याआधी खोली उघडून बघा, गरम पाण्याचा नळ सोडून पाणी खरंच गरम येतं का ते हातानं बघा. चेक-आउट दुपारी बाराचं की चोवीस तासांचं, हे विचाराच. चोवीस तासांचं असेल तर संध्याकाळी परत येऊन अंघोळ करून निघता येतं, आणि पार्कच्या धुळीनंतर ती अंघोळ लाखमोलाची. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, एकाच्या आधारवर काम भागत नाही.

खोली पक्की झाली की रात्री जेवल्यावर पार्कच्या संकेतस्थळावर दुसऱ्या दिवसाचा दर आणि उघडण्याची वेळ बघून तिकीट काढा. दर तारखेनुसार वर-खाली होतात आणि थीम पार्क, वॉटर पार्क, स्नो पार्क यांची तिकिटं वेगवेगळी असतात. एका दिवसात थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही उरकायचा मोह आवरा. ओले कपडे बदलणं, लॉकर, केस वाळवणं यातच दीड तास जातो. मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर ठरतं, म्हणून दारालाच मोजपट्टी असते. घरातल्या भिंतीवर पोराची उंची चप्पल काढून मोजून ठेवली तर वादच उद्भवत नाही. तिकिटाचा स्क्रीनशॉट दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, दारात गर्दीच्या वेळी रेंज दगा देते.

आत गेल्यावर

बुकिंगवाला आणि तुम्ही इथून पुढं सारखेच. आता फरक पडतो तो पहिल्या दीड तासाचा. बहुतेक लोक दारातून शिरल्या शिरल्या समोर दिसेल त्या रांगेत उभे राहतात, फोटो काढतात, नाश्ता करतात. तुम्ही सरळ चालत नायट्रो गाठा. चाळीस मीटर उंच, ताशी शंभरच्या वर वेग आणि पायाखाली फळी नसलेला हा रोलरकोस्टर तिथलं मुख्य आकर्षण आहे. त्यानंतर ड्रॉप टॉवरसारख्या, एका वेळी मोजकीच माणसं बसणाऱ्या राईड. मोठ्या प्रेक्षागृहातले शो, ‘आय फॉर इंडिया’सारखे, एकदम पुष्कळ माणसं आत घेतात. त्यामुळं ते दुपारच्या उन्हासाठी ठेवा.

रांग किती लांब यापेक्षा ती किती वेगानं सरकते हे बघायला शिका. मोबाइलवर घड्याळ लावा आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर मोजा. समजा एका गाडीत २८ जण बसतात आणि दर चार मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला ४२० जण. तुमच्यापुढं अंदाजे दोनशे दहा डोकी असली तर अर्धा तास लागणार. हाच हिशोब बारा जणांच्या राईडला लावला की पुढं फक्त साठ माणसं असूनही वीस मिनिटं जातात. कमी गर्दीच्या दिवशी कोस्टरवर दोनऐवजी एकच गाडी चालवतात, तेव्हा रांग छोटी दिसते पण हलत नाही. सोमवारी येणाऱ्यांना हे हमखास भेटतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, मोजा.

प्रत्येक राईडच्या तोंडाशी उंचीचा खांब असतो. रांगेत शिरायच्या आधी मुलाला त्याच्याजवळ उभं करा. चाळीस मिनिटं थांबून दोन बोटं कमी भरल्यानं परत पाठवलेलं पोर पुढचा तासभर रडत असतं, आणि तिथं विनंतीचा उपयोग नसतो. सीटचा बार ठरावीक बांध्याच्या अंगावरच घट्ट बसतो, म्हणून ते नियम आहेत. गरोदर बाई, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असलेला माणूस यांनी मोठ्या राईड टाळायच्या.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. दशम्या, धपाटे, भडंग सगळं गाडीत ठेवा आणि जाताना-येताना खा. आत जेवायचं ते साडेअकराला किंवा अडीचनंतर, एक ते दोनमध्ये खाण्याच्या ठिकाणी राईडपेक्षा मोठी रांग असते. त्या दिवशी सकाळी मिसळ-कट नको. तिखट आणि तेलकट पोटात असताना उलटं फिरवलं की कोल्हापूरकराचंही पोट ढवळतं. पोहे, केळं, इडली एवढंच पुरे. ज्याला घाटात गाडी लागते त्याला राईडही लागतात, त्याच्या गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

वॉटर पार्क निवडला असेल तर नायलॉन किंवा लायक्राचे कपडे घ्या. सुती कपडे, जीन्स, साडी, ओढणी चालत नाही. सुताचे धागे सुटून पाण्याच्या गाळणीत अडकतात आणि भिजून जड झालेलं कापड घसरगुंडीवर माणसाला मध्येच अडवतं. भाड्यानं कपडे मिळतात, पण घरचे असले तर पैसे आणि रांग दोन्ही वाचतात.

बेत फिसकटला तर

एक्सप्रेसवेवर अपघातानं कोंडी झाली आणि सकाळचे अकरा पुण्यातच वाजले, तर इमॅजिकाचा हट्ट सोडा. लोणावळ्याचं वेट अँड जॉय अलीकडंच, घाट उतरायच्या आधी लागतं. तिथं वॉटर पार्क आणि राईड दोन्ही आहेत आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाला ते पुरेसं आहे. कोल्हापूर सोडायच्या आधीच बेत मोडला तर कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम हाताशी आहे. गावगाड्यातले बलुतेदार, शेतीची कामं, बाजार असं सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलंय, आणि आजोबांना नातवंडांपुढं बोलायला तिथं जेवढं सापडतं तेवढं कुठल्याच राईडवर सापडत नाही. बंगळूरजवळचं वंडरला २००५ पासून आहे आणि उत्तम आहे, पण सहाशे किलोमीटरच्या वर. ते ऐनवेळी करण्यासारखं नाही.

परतताना

दिवसभर उन्हात फिरून त्याच रात्री तीनशे किलोमीटर गाडी चालवू नका. पहाटे दोनच्या सुमारास सातारा-कराड पट्ट्यात डुलकी लागते. चालवणारे दोघे असतील तरच निघा, आणि ज्यानं दुपारी तासभर सावलीत झोप काढली आहे त्यानं खंबाटकीनंतर स्टिअरिंग घ्यावं. एकटाच चालवणारा असेल तर दुसरी रात्र पुण्यात काढून पहाटे साडेपाचला कात्रज सोडा, साडेदहाच्या आत कोल्हापूर. रेल्वेनं आलेल्यांनी पार्क बंद होण्याच्या दीड तास आधी टॅक्सीत बसावं. संध्याकाळी घाट चढताना कोंडी झाली तरी रात्रीची महालक्ष्मी लोणावळ्यात सापडते, आणि तिचं परतीचं तत्काळ रविवारी सकाळी, कोल्हापूर सोडण्याआधीच काढून ठेवलेलं असावं.