रिकव्हरी बोअरचा पंप सारखा मान टाकायचा, शेवटी असा सुधारला

साइटखालचं सॉल्व्हंट मिसळलेलं पाणी उपसायच्या बोअरमध्ये (हीच रिकव्हरी बोअर) आमच्याकडे दाबाच्या हवेवर चालणारा पंप आहे, तो दर पंधरा दिवसांनी मान टाकायचा. कॉम्प्रेसर ठीक, प्रेशर ठीक, तरी पाणी नुसतं ठिबकतंय. आधी रेग्युलेटर बदलला, फुकटचा खर्च. मग पंप वर काढला तर आतल्या फ्लोटवर (पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग) केशरी बुळबुळीत थर, दांडीवर फ्लोट वर सरकतच नव्हता, मग पंप भरला तरी हवेचा व्हॉल्व्ह उघडणार कसा! लोहावर जगणारे बॅक्टेरिया हे, पाण्यात विरघळलेल्या लोहाला हवा लागली की ते गंजासारखं बाहेर पडतं आणि यांचं फावतं. फ्लोट आणि चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) रात्रभर सायट्रिक ॲसिडमध्ये ठेवले, सकाळी ब्रशने घासले, पंप चालू (धुतलेलं पाणी ट्रीटमेंटलाच सोडायचं, जमिनीवर नाही, हातात ग्लोव्हज हवेतच).

पण खरी गोम वेगळीच निघाली. पंप इतका खाली सोडलेला की पाण्याची पातळी स्क्रीनच्या (बोअरच्या पाइपचा जाळीदार भाग, जिथून पाणी आत येतं) वरच्या टोकाखाली जायची आणि तिथून हवा शिरायची. मग पंप स्क्रीनच्या वर घेतला. उपसा थोडा घटला, म्हणून शेजारच्या मॉनिटरिंग बोअरच्या (नुसतं तपासायला घेतलेल्या) पाण्याच्या पातळ्या घेऊन दूषित पाणी अजून आपल्याकडेच ओढलं जातंय ना ते बघितलं. जातंय. आता तीन महिन्यांतून एकदाच पंप काढतो.