वंशावळ शोधताय? आधी तालुका तपासा, मग आडनाव

तहसीलच्या अभिलेख कक्षातून ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा घेऊन हिरमुसलेले परतणारे खूप. खानदेशात अनेकदा नोंद असते, पण आपण ती भलत्या तालुक्यात आणि भलत्या नावाने मागितलेली असते.

पहिली चूक म्हणजे आजचा तालुका धरून चालणे. १८८०च्या गॅझेटियरात सगळा खानदेश एकच जिल्हा आहे आणि त्यात सावदा, नशिराबाद, पिंपळनेर, विरदेल हे तालुके आहेत. मालेगाव-बागलाणचा भाग १८६९ पर्यंत खानदेशातच होता. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला, मुक्ताईनगर तर कालपरवापर्यंत एदलाबाद होते. म्हणून साक्रीकडच्या माणसाने जुन्या कागदात पिंपळनेरही पाहावे. गावाचे नावही पूर्ण लिहा. पिंप्री, पिंपळगाव किती आहेत ते मोजून दमाल! खुर्द, बुद्रुक आणि पुढचे ‘प्र.’ (म्हणजे प्रगणे, जुना महसुली विभाग) गाळले की शेजारच्या गावाचे पूर्वज आपल्या घरात येतात.

त्याहून मोठा घोळ आडनावाचा. खानदेशात अर्धे गाव पाटील, आणि जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसतेच. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत (गाव नमुना १४), ‘दगडू वलद नथू, कुणबी, ताप’ एवढीच ओळ सापडते. वलद किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. कुठे ‘पाटील’ दिसलाच तर तो गावचा वतनदार असू शकतो, तुमचा पणजोबा असेलच असे नाही. शोध घ्यायचा तो बाप-लेकाच्या जोडीने, शिवाय बोरसे, देवरे, पवार, शिसोदे यांपैकी आपले कूळ कोणते ते घरात विचारून.

जन्माच्या रकान्यात तर पुष्कळदा बाळाचे नावच नसते. ‘नथू रामा यास मुलगा’, संपले. बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली. आजोबांचे नाव शोधत पाने उलटणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच ओळ सुटते. तिथे पणजोबांचे नाव शोधा. पोरे जगावीत म्हणून दगडू, धुडकू, भिका अशी नावे ठेवायची रीत होती, तेव्हा एका गावात चार दगडू निघाले तर नवल नाही. फेरफार (जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद) आणि जुना हक्कनोंदीचा उतारा लावून कोणता दगडू कोणत्या शेताचा ते ठरवा. वारसाच्या फेरफारात भाऊ, मुलगे एकत्र सापडतात, त्यामुळे माझ्या मते वंशावळीसाठी याच्याइतका कामाचा कागद नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरातली १ जून ही जन्मतारीख मात्र खरी मानू नका. अंदाजे वय टाकून पोराला शाळेत घालायची ती सोय होती.

सन वाचतानाही गफलत होते. शकात ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांचे इसवी सन येते, पण पौषाच्या अखेरीपासून फाल्गुनापर्यंत ७९ धरावे लागतात. आपल्याकडच्या फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सालात, ५९० मिळवायचे. मात्र हे साल मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलते, म्हणून फसली १३०० म्हणजे १८९०-९१.

कागद मोडीत असेल तर जाणकाराकडे जा, पण त्याला हवे ते नाव आधी सांगू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, आणि ‘इथे रामा असेल ना?’ म्हटले की रामा दिसायला लागतो. आधी त्याला वाचू द्या, मग जुळवा. पेशवाईतले कागद हवे असतील तर पुण्याचे पुराभिलेखागार आहे, आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ तर घरचेच.

भाटाची (पिढ्यांची नावे लिहून ठेवणाऱ्याची) वही आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची नामावळ जरूर पाहा. उपाध्यायांकडे आडनावापेक्षा गाव सांगितलेले बरे. अलीकडच्या पिढ्या सरकारी कागदाशी ताडून घ्या. वरच्या पिढ्या थेट सूर्यवंशाला भिडल्या तर हात जोडून वही मिटा.

बायकांना वगळू नका. ‘सखू कोम नथू’ म्हणजे नथूची बायको. तिचे माहेर त्या ओळीत नसते, ते घरातल्या आजीला किंवा आत्याला विचारा, आणि अहिराणीत विचारा. नक्कल घेताना तिच्यावर गावाचे नाव, साल, रजिस्टर आणि पान क्रमांक आहे का ते खिडकीवरच पाहून घ्या. नसेल तर लगेच परत द्या.