विज्ञानाचे नवे शिक्षक घडवायचेत? एक पाठ तिघांनी मिळून बसवा

बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, इंटर्नशिप वीस आठवड्यांची झाली, तरी बऱ्याच ठिकाणी चाललंय तेच, छात्राध्यापक (शिक्षक व्हायला शिकणारा) टाचण म्हणजे पाठाचा आराखडा लिहितो, कॉलेजात अध्यापन पद्धती शिकवणारे मेथडचे सर मागच्या बाकावर बसून शेरा मारतात आणि शाळेतले विज्ञानाचे मास्तर तो तास मोकळा मिळाला म्हणून पेपर तपासत बसतात. या मास्तरांना आत ओढा, सुरुवात तिथूनच.

छात्राध्यापकासोबत पाठ बसवायला माणसं तीन लागतात. बीएड कॉलेजचे मेथडवाले, शाळेतले विज्ञान शिक्षक आणि जवळच्या सीनियर कॉलेजातला बॉटनी नाहीतर केमिस्ट्रीचा कोणी प्राध्यापक. मुख्याध्यापकांना आधी भेटा, पत्र नंतर द्या. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी सगळे मोकळे सापडतात. कापूस वेचणीचे दिवस मात्र टाळा, हजेरी पातळ असते.

आता विषय असा घ्या की पोरांच्या घरातला असेल. जळगावात रावेर-यावलकडे असाल तर केळी आहेच की! एक कच्चं केळं, एक पिवळं, एक पार काळे ठिपके पडलेलं, चकत्या करा आणि मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून थेंब थेंब टाका. कच्च्यावर निळं-काळं होतं कारण स्टार्च भरपूर, पिकत गेलं तसा तो रंग कमी कमी होतो, स्टार्चची साखर झालेली असते. (चकत्या नंतर कोणी खाणार नाही हे बघा, सातवीची पोरं आहेत ती.)

इथं एखादा पोरगा हमखास विचारणार, सर आमच्या काकांच्या रायपनिंग चेंबरमध्ये गॅस सोडतात तो कशाला? छात्राध्यापक गडबडतो. म्हणून टाचण करतानाच बॉटनीवाल्यांनी त्या गॅसचं, इथिलीनचं सांगून ठेवावं, की त्यानं पिकण्याची क्रिया सुरू होते आणि मग फळातलीच एन्झाइम्स स्टार्च तोडतात. आणि शाळेतले मास्तर सांगतील की चाळीस मिनिटांत तीन चकत्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी, टाचणातले तुमचे सात टप्पे कागदावरच ठेवा.

पाठ चालू असताना शिकवणाऱ्याकडे बघत बसू नका. प्रत्येकानं दोन बाक वाटून घ्या, पोरं काय बोलतात, कुठे अडतात ते लिहा. नंतर बसल्यावर आधी छात्राध्यापक बोलेल, मग शाळेचे मास्तर, प्राध्यापक शेवटी, कारण ते आधी बोलले की बाकीचे नुसती मान हलवतात. टाचण तिथंच दुरुस्त करा आणि तोच पाठ ब तुकडीवर दुसऱ्या छात्राध्यापकानं घ्यावा. जपानात शाळाशाळांत असं कितीतरी वर्षांपासून चालतं, लेसन स्टडी म्हणतात.

या पाठाला मार्क ठेवू नका बरं का. मार्क आले की छात्राध्यापक प्रयोग सोडून पाठ केलेलंच बोलतो. दोन्ही टाचणं खाडाखोडीसकट जपा, पुढच्या बॅचला फेअर कॉपीपेक्षा तीच जास्त कामाची.